विजेची तार आणि देहाचें घड्याळ

हिंगोली जिल्ह्याच्या इतिहासांत विजेचें आगमन ही तशी अलीकडची घटना होय. १९४८ सालीं हा मुलूख निजामाच्या अंमलांतून मुक्त झाला, १९५६ सालीं मुंबई राज्यांत आला आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत समाविष्ट झाला. त्याच वर्षीं राज्य विद्युत मंडळ स्थापन झालें. पुढें पूर्णेच्या खोऱ्यांत येलदरी व सिद्धेश्वर हीं धरणें उभीं राहिलीं आणि विजेच्या तारा शेताशिवारांतून पसरूं लागल्या. तोंपर्यंत औंढा नागनाथाच्या परिसरांत काय किंवा नामदेवांच्या नर्सींत काय, लोकांचा दिवस काकडआरतीच्या सुमारास सुरू होई आणि दिवेलागणीनंतर लवकरच आटोपे.

तारांच्या मागोमाग जगभर एक शंकाही आली. तारेभोवतीं जें अदृश्य विद्युतचुंबकीय क्षेत्र असतें, तें माणसाच्या झोपेची घडी विसकटतें काय? या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे.

देहाला स्वतःचें घड्याळ आहे, हा शोध प्रथम एका वनस्पतीनें लावून दिला. १७२९ सालीं द मेराँ या फ्रेंच पंडिताच्या निरीक्षणांत असें आलें कीं, लाजाळूचें झाड अंधारांत कोंडलें तरी त्याचीं पानें दिवसा उघडतात व रात्रीं मिटतात. पुढें १९५८ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत आरन लर्नर यांनीं गुरांच्या मेंदूंतील पिनियल ग्रंथींतून मेलॅटोनिन नांवाचें संप्रेरक वेगळें काढलें. अंधार पडल्यावर तें रक्तांत वाढतें, उत्तररात्रीं सर्वांत अधिक असतें आणि सकाळीं ओसरतें. रात्र झाल्याची वर्दी सर्व शरीरास देणारा तो जणू चौकीदारच होय.

आतां तारेची गोष्ट. १९६४ च्या सुमारास जर्मनींत आंडेक्स येथें यूर्गेन आशॉफ व रुट्गर वेवर यांनीं जमिनीखालीं दोन दालनें बांधलीं. घड्याळ नाहीं, ऊन नाहीं, बाहेरचा आवाज नाहीं, अशा स्थितींत माणसें तेथें आठवडेच्या आठवडे राहत. तशांतही त्यांचें झोपणें व उठणें नियमानें चालू राही, मात्र त्यांचा ‘दिवस’ बहुधा चोवीस तासांहून थोडा लांबे. दोहोंपैकीं एक दालन बाह्य विद्युतचुंबकीय क्षेत्रांपासून झांकलेलें होतें. त्यांत सेकंदास दहा आवर्तनांचें सौम्य विद्युतक्षेत्र गुप्तपणें सोडलें असतां तो लांबलेला दिवस किंचित आंखूड झाल्याचें वेवर यांनीं नोंदलें. १९८१ सालीं अमेरिकेंत बॅरी विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विद्युतक्षेत्रांत ठेवलेल्या उंदरांचें रात्रींचें मेलॅटोनिन घटल्याचें जाहीर केलें. १९८७ सालीं रिचर्ड स्टीव्हन्स यांनीं विजेचा वापर व स्तनांचा कर्करोग यांचा या मार्गानें संबंध असावा, असें अनुमान मांडलें. साहजिकच तारेवरचा संशय बळावला.

परंतु शास्त्रांत एका प्रयोगावर निकाल लागत नाहीं. प्राण्यांवरील पुढील प्रयोगांचीं उत्तरें एकमेकांशीं जुळेनात. १९९६ सालीं चार्ल्स ग्रॅहॅम यांनीं माणसांना रात्रभर चुंबकीय क्षेत्रांत ठेवून पाहिलें, तेव्हां मेलॅटोनिन घटल्याचें आढळलें नाहीं. २००७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सर्व पुरावा तपासला आणि विजेच्या तारांचीं क्षेत्रें संप्रेरकांवर अपायकारक परिणाम करतात, असें त्यावरून दिसत नाहीं, असा निर्वाळा दिला. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासंबंधीं मात्र शंका शिल्लक राहिली, आणि ती नोंदविण्यांतही आली.

दुसरीकडे, डोळ्यांसमोरचा आरोपी तोंवर मोकळा होता. १९८० सालीं आल्फ्रेड ल्यूई यांनीं दाखवून दिलें होतें कीं, रात्रीं प्रखर प्रकाश डोळ्यांवर पडला कीं माणसाचें मेलॅटोनिन झपाट्यानें उतरतें. २००२ सालीं डेव्हिड बर्सन यांनीं उंदरांच्या दृष्टिपटलांत, मेंदूंतील मुख्य घड्याळाला थेट उजेडाची खबर देणाऱ्या पेशी दाखविल्या. २००७ सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें, देहाची लय मोडणारें रात्रपाळीचें काम बहुधा कर्करोगकारक असल्याचें ठरविलें. म्हणजे तारेभोवतालच्या क्षेत्रापेक्षां तारेच्या टोंकाचा दिवा आणि त्यामुळें लांबलेली जाग यांचाच दोष अधिक स्पष्टपणें सिद्ध झाला.

हिंगोलीच्या शेतकऱ्याला हा निष्कर्ष विशेष लागू पडतो. महाराष्ट्रांत शेतीपंपांची वीज वर्षानुवर्षें पाळीपाळीनें कधीं दिवसा, तर कधीं रात्रीं देण्यांत आली. रात्रींची पाळी आली कीं हळदीला वा गव्हाला पाणी देण्यासाठीं मध्यरात्रीं बॅटरी घेऊन रानांत जावें लागे. त्या बॅटरीचा उजेड क्षीण. पण देह रात्र पाळूं पाहतो आणि माणूस दिवस करतो, ही ओढाताण कांहीं चुकत नसे. त्यांत पाळी बदलली कीं देहाचें घड्याळ पुन्हां नव्यानें लावणें आलें. सापकिरडाचें भय वेगळेंच. दिवसा वीज मिळावी, या शेतकऱ्यांच्या जुन्या मागणीला सोयीइतकाच आरोग्याचाही आधार आहे. २०१७ सालीं राज्यानें सुरू केलेल्या सौर कृषी वाहिनी योजनेचें मोल म्हणूनच केवळ युनिटांत मोजतां येणार नाहीं.

शहरांतील सुखवस्तु घरांनींही यांतून बोध घ्यावा. खिडकीबाहेरच्या खांबाची भीति बाळगून उशाशीं मध्यरात्रीपर्यंत दिवा व मोबाईल चालू ठेवणें, हें चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्यासारखें आहे.