आपल्या वाचनाची यादी कोण ठरवणार?

"वाचायला सुरुवात कुठून करू?" असे आंबेडकरी तरुण आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न साधा वाटतो, पण तो मुळात इतिहासाचा आहे. कोणी वाचावे आणि कोणी वाचू नये, हे या देशात शेकडो वर्षे जातीने ठरवले. म्हणून पुस्तके सुचवण्याआधी, यादी करण्याचा हक्क आपल्या हाती कसा आला ते पाहिले पाहिजे.

आपल्याच भागापासून सुरुवात करू. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. या शहरांना त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्या काळातल्या 'सार्वजनिक' या शब्दात आपला माणूस धरला जात होता का? कल्याणचे वाचनालय निघण्याआधी अवघी आठ वर्षे, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. सार्वजनिक पाणवठे, शाळा, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर व्हायला १९२३ साल उजाडले. तरी महाडचे तळे बंदच राहिले आणि १९२७ साली सत्याग्रह करावा लागला. जिथे पाणी मिळत नव्हते, तिथे पुस्तक सहज कसे मिळणार?

तरीही आपले लोक गप्प नव्हते. १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. ज्यांना धर्मग्रंथ वाचण्याचीच बंदी, त्यांचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. पुढे विद्यार्थी भीमरावाच्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ती आठवण बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९५६ च्या धम्मदीक्षेची एक वाट त्या भेटीपासून निघते. योग्य वयात हातात पडलेले एक पुस्तक काय करू शकते, याचा याहून मोठा दाखला कोणता?

आता पुस्तकांकडे येऊ.

वैचारिक लेखनात महात्मा फुले यांची 'गुलामगिरी' (१८७३), ताराबाई शिंदे यांची 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) आणि बाबासाहेबांचे 'जातिप्रथेचे विध्वंसन' (१९३६) ही तीन आधी वाचावीत. बाबासाहेबांच्या नावाने मोबाईलवर फिरणारी वाक्ये तपासायची असतील, तर १९७९ पासून शासनाने काढलेले त्यांच्या लेखन आणि भाषणांचे खंड उघडावेत.

चरित्र आणि इतिहासात चांगदेव खैरमोडे यांचे बहुखंडी आंबेडकर चरित्र आहे. पहिला खंड १९५२ साली, बाबासाहेब हयात असताना आला. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' चळवळीतल्या स्त्रियांना त्यांची नावे परत देते. १९५६ नंतरच्या वाटचालीसाठी ज. वि. पवार यांचे 'आंबेडकरोत्तर आंबेडकरी चळवळ' वाचावे.

कथा-कादंबरीत अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९) आणि बाबुराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) हा कथासंग्रह चुकवू नये. कवितेत नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा'.

आत्मकथनांवर मात्र थोडे थांबू. "एक वाचले की सगळी वाचली, तेच ते रडगाणे," असे काहीजण म्हणतात. आपलेही लोक म्हणतात. हे म्हणणे न वाचता केलेले आहे. दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये (१९७८) गावगाडा आणि मुंबईचा कावाखाना समोरासमोर येतात. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' एकट्या बाईची कहाणी सांगत नाही, पूर्ण वस्तीची सांगते आणि आपल्याच घरातल्या पुरुषसत्तेला जाब विचारते. उर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) कोकण आहे, बांबूच्या टोपल्या विणणारी आई आहे आणि चळवळीतल्या शिकलेल्या नवऱ्या-बायकोतला ताणही आहे. ही तिन्ही पुस्तके एकसारखी दिसत असतील, तर दोष वाचणाऱ्याच्या नजरेत आहे.

मग फक्त आपलेच वाचायचे का? नाही. 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) लिहिण्यासाठी बाबासाहेबांनी विरोधकांचेच ग्रंथ पिंजून काढले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहून तिथल्या लढ्याची माहिती मागवली. आपल्या पायावर उभे राहून जग वाचायचे, ही त्यांची रीत होती.

२०१० साली ठाण्यात ८४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा अध्यक्षपदी उत्तम कांबळे होते. मानाची खुर्ची मिळाली, आनंद आहे. पण खुर्ची तीन दिवसांची असते, कपाट कायमचे असते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या आपल्या विहारांत किती पुस्तके आहेत आणि त्यातली किती हाताळून फाटली आहेत, हे एकदा मोजा. शहरातल्या वाचनालयांचे सभासद व्हा आणि जी पुस्तके तिथे नाहीत, त्यांची लेखी मागणी करा. येत्या १४ एप्रिलच्या वर्गणीतला एक हिस्सा डीजेऐवजी पुस्तकांना द्या.

यादी आम्ही सांगितली. ती अपुरी आहे आणि ती वाढवणे तुमचे काम आहे. वाचा, वाद घाला, आणि वाचलेले पुस्तक वस्तीतल्या पुढच्या मुलीच्या हातात द्या.

जय भीम!