डेट्रॉईटच्या कोर्टातले दोन मुसलमान

अमेरिकेत केंद्रीय कायद्याचा खटला सहसा फेडरल जिल्हा न्यायालयात सुरू होतो. मिशिगनच्या पूर्व भागाचं असं न्यायालय डेट्रॉईटला आहे. त्याचे दोन निकाल मी नेहमी शेजारी ठेवून वाचतो.

१९४२ साली येमेनहून आलेल्या अहमद हसन यांनी नागरिकत्व मागितलं. तेव्हाच्या कायद्यात त्यांना त्यासाठी ‘गोरं’ ठरणं भाग होतं. न्यायाधीश आर्थर टटल यांनी अर्ज फेटाळला. अरब गोरे नाहीत, एवढ्यावर ते थांबले नाहीत. मुसलमानांची संस्कृती आणि ख्रिस्ती युरोप यांत मोठी दरी आहे, असंही त्यांनी लिहिलं. दोनच वर्षांनी मॅसॅच्युसेट्सच्या जिल्हा न्यायालयात चार्ल्स वायझान्स्की यांनी मोहम्मद मोहरिझ या अरबाला नागरिकत्व दिलं. कायदा तोच, न्यायाधीश वेगळा.

दुसरा निकाल २००२ चा. अकरा सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर राबिह हद्दाद यांच्या हद्दपारीची सुनावणी बंद दाराआड सुरू झाली. त्याविरुद्ध डेट्रॉईटची वृत्तपत्रं आणि खासदार जॉन कॉनियर्सही कोर्टात गेले. न्यायाधीश नॅन्सी एडमंड्स यांनी दार उघडायला लावलं. अपिलात तो निकाल कायम करणारे कृष्णवर्णीय न्यायाधीश डेमन कीथ पूर्वी याच जिल्हा न्यायालयात होते.

हद्दाद यांना पुढे देश सोडावा लागलाच. तरी मला दुसरा निकाल मोलाचा वाटतो. एका मुसलमानाच्या सुनावणीसाठी बिगरमुस्लीम संपादकांनी वकील उभे केले. हसन यांच्या वेळी असं कोण उभं राहिलं असतं? आणि आज आपण दुसऱ्या कुणासाठी उभे राहतो का?