समुद्रकिनाऱ्यावरील गळासाठी अल्प खर्चातील साहित्य : नवशिक्यांसाठी माहिती

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. कोकणचा किनारा येथून सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. गळ टाकण्याचा छंद मात्र येथे नवा नाही. माकणीचा निम्न तेरणा प्रकल्प, परंडा तालुक्यातील सीना-कोळेगाव, नळदुर्गजवळील बोरी धरण ही येथील हौशी लोकांची पाणी. सुट्टीत वसईला किंवा उत्तनला नातेवाइकांकडे जाताना तलावावरचीच काठी बरोबर नेली जाते आणि दोन फेऱ्यांत तिचे रीळ गंजून बसते. कष्टाचे पैसे असे वाया जाऊ नयेत, यासाठी ही माहिती.

शुभवर्तमानात जाळ्यांचे उल्लेख अनेक आहेत. गळ मात्र एकदाच येतो. मंदिराचा कर भरण्यासाठी प्रभू येशू पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगतात (मत्तय १७:२७). तो ‘समुद्र’ म्हणजे गालीलचे गोड्या पाण्याचे सरोवर. आपल्या तलावांतील चिलापीचे भाऊबंद आजही तेथे ‘संत पेत्राचा मासा’ म्हणून ताटात येतात. अरबी समुद्राचे पाणी निराळे. त्यातील मीठ लोखंड खाते, आणि खरेदीचा सगळा विचार येथूनच सुरू होतो.

अगदी नवशिक्याने काठी विकत घेऊच नये, असे आमचे मत आहे. लाकडी फळीवर गुंडाळलेला ५० मीटर तंगुसाचा दोरा, शिशाचे वजन आणि दोन-चार गळ एवढ्यावर हातदोरी तयार होते. धक्क्यावरून किंवा खाडीच्या काठावरून शिंगाळा, तांबोशी यांसारखे मासे तिला लागतात. मुख्य म्हणजे मासा आमिषाला तोंड लावतो तो झटका बोटांना कळू लागतो. हा सराव गावाकडच्या तलावावरही होईल. मात्र अनेक तलावांतील मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, त्यांची परवानगी आधी घ्यावी.

हात बसल्यावर काठी घ्यावी. काचतंतूची, आठ-नऊ फुटांची साधी काठी पुरते; तिच्या कड्या मात्र गंजणाऱ्या नसाव्यात. पैसा वाचवायचा तो काठीवर, रिळावर नव्हे. रीळ मध्यम आकाराचे, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेले असावे. दुकानात दोरा हाताने ओढून पाहावा : ब्रेक धक्के न देता, एकसारखा सुटला पाहिजे. चकचकीत पेटीत काठी, रीळ व दोरा एकत्र मिळतो, त्यातील दोरा बहुधा हलका असतो. तो काढून ०.४० मिलिमीटर जाडीचा चांगला दोरा भरावा. गळ कथिलाचा मुलामा दिलेले घ्यावेत. तलावावरचे साधे काळपट गळ समुद्रात लवकर गंजतात. पोलादी गळ अधिक टिकतात खरे, पण दोरा तोडून गेलेल्या माशाच्या तोंडातही ते तसेच टिकून राहतात, म्हणून आम्ही ते सुचवत नाही. एक लांब तोंडाची पक्कड हवीच. शिंगाळ्याच्या काट्याची इजा अतिशय वेदनादायक असते.

किनारा अपरिचित असेल तर तेथील कोळी बांधवांना विचारल्याशिवाय खडकावर उतरू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला वसईकडे पाणी चार-पाच मीटर चढते. ओहोटीला चालत गाठलेला खडक काही तासांत चहूबाजूंनी वेढला जातो. पावसाळ्यात तर हा नाद सोडावाच. तुटलेला दोरा वाळूत टाकू नये, पक्ष्यांचे पाय त्यात अडकतात. शिसे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय जेवू नये.

परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी काठी, रीळ व गळ गोड्या पाण्याने धुवावेत. रिळावर नळाची जोरदार धार सोडू नये, मीठ आत ढकलले जाते; ओल्या फडक्याने पुसून, सावलीत वाळवून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब द्यावा. हे काम धाराशिवला पोहोचल्यावर करू म्हटले, तर रात्रभराच्या प्रवासात गंज धरायला सुरुवात झालेली असते.