हिंगोली जिल्ह्यातील सायकलभ्रमंती

हिंगोली जिल्ह्यातील सायकलभ्रमंती : मराठवाड्याच्या उत्तर कडेला, विदर्भाच्या शेजारी असलेल्या हिंगोली जिल्ह्यात डांबरी रस्त्यांवरून सायकलने केलेला प्रवास. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यांतील सौम्य उतार, दोन-तीन तासांच्या अंतरावर असलेली तीर्थस्थाने आणि धरणे, आणि महामार्ग सोडला की विरळ होणारी वाहतूक यांमुळे हा जिल्हा सायकलला मानवतो. पाट्या लावलेला, नकाशात रंगवलेला असा एकही अधिकृत सायकलमार्ग मात्र येथे नाही. जाणाऱ्याला वाट विचारत जावे लागते, आणि नोंदकाराच्या मते त्यात फारसे बिघडत नाही.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके; २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. निजामाच्या काळात हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. रेल्वे स्थानकाचे ‘हिंगोली डेक्कन’ हे नाव अजून त्या जुन्या भूगोलाची आठवण देते. पूर्णा-अकोला हा मीटरगेज मार्ग २००८ साली रुंद झाला.

भूरूप आणि उतार : जमीन बेसाल्टची, वर काळी माती. अजिंठा-सातमाळा रांगेचे पूर्वेकडे उतरत आलेले फाटे भूगोलाच्या पुस्तकांत ‘हिंगोलीचे डोंगर’ म्हणून येतात. मात्र डोंगर म्हटल्यावर सह्याद्रीचा घाट डोळ्यांपुढे आणणाऱ्याची येथे निराशा होईल. माळ हळूहळू चढतो, माथ्यावर पळसाची आणि सागाची विरळ झाडी लागते, मग तितक्याच हळूहळू रस्ता पुढच्या ओढ्याकडे उतरतो. एका गिअरच्या काळ्या सायकलवर मागे दुधाचे कॅन अडकवून माणसे हे चढ वर्षानुवर्षे काढत आली आहेत. खरी कसोटी वाऱ्याची असते. पावसाळ्यात पश्चिमेकडून समोर वारा असला, की सपाट रस्ताही चढासारखा लागतो.

फ्रान्समधील ल्वार नदीचे खोरे सायकलप्रवासासाठी जगभर नावाजले गेले ते काहीशा अशाच कारणांनी : नदीच्या कडेची सपाट वाट, मधूनमधून येणारे इतिहासाचे मुक्काम आणि दोन्हींमध्ये शेती. तिथे राजवाडे, येथे मंदिरे. तिथे द्राक्षमळे, येथे हळद. फरक मोठा आहे तो व्यवस्थेचा. ल्वारकाठी सायकलसाठी शेकडो किलोमीटरचा आखलेला मार्ग आहे; कयाधूकाठी ट्रॅक्टरची चाकोरी आहे.

कयाधूची वाट : कयाधू वाशीमकडून येऊन सेनगाव, हिंगोली, कळमनुरी या तालुक्यांतून जाते आणि पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. तिच्या काठी, हिंगोलीपासून सुमारे २० किमी. अंतरावर, नर्सी नामदेव हे गाव आहे. परंपरेने संत नामदेवांचे (१२७०-१३५०) जन्मगाव हेच. काही अभ्यासक मात्र जन्म पंढरपूरचा मानतात. नदीला नाव प्रल्हादाच्या आईचे आणि काठावरच्या गावाला नाव नर्सी, ही जोडी योगायोगाची मानावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. सकाळी हिंगोलीहून निघालेला बेताचा सायकलस्वार दीड तासात नर्सीला पोहोचतो आणि ऊन चढायच्या आत परततो. नवख्याने सुरुवात येथूनच करावी.

आषाढी वारीनंतरच्या वद्य एकादशीला नर्सीत परतवारीचा मेळा भरतो. पंढरपूरहून परतलेले वारकरी त्या दिवशी येथे येतात, आणि रस्ता पायी माणसांचा होतो. त्या दिवशी सायकल घरी ठेवणे शहाणपणाचे. नामदेवांची पदे शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात समाविष्ट असल्याने पंजाबातील भाविकही येथे येतात. नामदेवांच्या उत्तरायुष्याशी जोडलेले पंजाबातील घुमान हे गाव येथून फार दूर. तरी अलीकडे पंढरपूर ते घुमान अशी सायकलयात्रा निघाली आहे. नामदेव पायी गेले, तेव्हा सायकलने जाणाऱ्याने थकल्याची तक्रार कुणापुढे करावी, असा प्रश्न पडतो.

औंढा नागनाथ : हिंगोलीपासून सुमारे २५ किमी. येथील नागनाथाचे मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. हा मान गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वरालाही दिला जातो, आणि वाद जुना आहे. मंदिराचा खालचा भाग यादवकालीन घडीव दगडांचा, शिल्पांनी गच्च भरलेला. वरचा भाग नंतर विटा-चुन्यात बांधलेला. तोडफोडीनंतरच्या जीर्णोद्धाराचे श्रेय परंपरा अहिल्याबाई होळकरांना देते. जोड कुठे बसवला हे बाहेरून फिरताना लख्ख दिसते, आणि नोंदकाराला मंदिराचा हाच भाग सर्वांत बोलका वाटतो. शिवलिंग जमिनीखालच्या लहान गर्भगृहात आहे. अरुंद पायऱ्यांवरून वाकून उतरावे लागते. दीर्घ पल्ला मारून आलेल्याच्या मांड्यांना त्या पायऱ्या विसरता येत नाहीत.

येथील नंदी मंदिराच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना समोर कीर्तन करू न दिल्याने ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देवालयच फिरले, ही कथा गावात सांगितली जाते. नामदेवांना विसोबा खेचर हे गुरू भेटले तेही येथेच, अशी परंपरा. म्हणून नर्सी आणि औंढा ही दोन ठिकाणे एकाच फेरीत जोडणे अर्थपूर्ण ठरते. सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र टाळावी. एरवी दुपारी फारशी रांग नसते.

औंढा तालुक्यातच दुधाळा परिसरात गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी लायगो-इंडिया प्रयोगशाळा उभारली जात आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. तिचे दोन बाहू प्रत्येकी ४ किमी. लांबीचे असतील. अशा यंत्राला सपाट आणि आसपास वर्दळ नसलेली जमीन लागते. सायकलस्वारही शोधतो तीच. भूकंपाचे म्हणाल तर २०२४ मध्ये जिल्ह्याला मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये धक्के बसले. सायकलवर असलेल्याला ते जाणवले असते का, याबद्दल नोंदकाराला शंका आहे.

पूर्णेचे पाणी आणि हळदीचा मुलूख : औंढ्याच्या वायव्येस पूर्णा नदीवर येलदरी आणि तिच्या खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणे आहेत. दोन्ही १९६८ ची. येलदरी परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात मोडते आणि तेथे जलविद्युत केंद्र आहे. सिद्धेश्वर औंढा तालुक्यात. थंडीत जलाशयाच्या कडेला बदके उतरतात. ती बघायची तर उजाडताच पोहोचायला हवे, म्हणजे औंढ्याला मुक्काम करायला हवा.

सिद्धेश्वरच्या कालव्यांनी वसमत तालुक्याचे रूप पालटले. कालवा जमिनीच्या समपातळीने वळत जातो, त्यामुळे त्याच्या बांधावरच्या वाटेला चढ म्हणून नसतो. फ्रान्समध्ये कालव्याकाठच्या अशाच वाटांवर, पूर्वी जिथून घोडे नावा ओढत, आज सहकुटुंब सायकली चालतात. येथील बांधाची वाट मुरमाची, पाटबंधारे खात्याच्या कामाची आणि पावसात निसरडी असते. जाड टायरची सायकल नसेल तर डांबरीच बरी.

वसमतची खूण म्हणजे हळद. काढणीनंतर, साधारण फेब्रुवारीपासून, शेतात कुकर लावून हळद शिजवतात आणि मोकळ्या जागेवर वाळत घालतात. गाडीच्या काचेआड बसलेल्याला तो वास कळत नाही. सायकलवर तो किलोमीटरभर सोबत करतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावात हळद संशोधन केंद्रही आहे. गिरगाव, कुरुंदा या बाजूला केळीच्या बागा लागतात. याच तालुक्यात उसाचे ट्रॅक्टर रात्री मागे दिवा न लावता दोन-दोन ट्रॉल्या ओढत जातात, तेव्हा गाळप हंगामात अंधार पडल्यावर येथे सायकल चालवू नये.

कळमनुरी आणि पैनगंगा : राष्ट्रीय महामार्ग १६१ अकोला-वाशीमकडून हिंगोली, कळमनुरी आणि वारंगा फाटा करत नांदेडला जातो. रुंद, गुळगुळीत आणि कंटाळवाणा. पल्ला वाढवण्यापुरता तो बरा. वारंगा फाट्याची खिचडी प्रवाशांत प्रसिद्ध आहे, आणि महामार्गाची बाजू घ्यायला एवढे एक कारण पुरते. उत्तरेला पैनगंगेवर इसापूरचे मातीचे धरण (१९८२) आहे. पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो.

लांब पल्ल्याची सायकलिंग : महाराष्ट्रातील हौशी सायकलस्वार ज्याला ‘बीआरएम’ म्हणतात ती, ठरावीक अंतर ठरावीक वेळेत पुरे करण्याची पद्धत मुळात फ्रेंच. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही सायकलफेरी १८९१ मध्ये सुरू झाली. आज १,२०० किमी. ९० तासांत पुरे करावे लागतात. भारतात तिच्या पात्रतेच्या फेऱ्या ऑडॅक्स इंडिया या संस्थेमार्फत होतात, २०० किमी.ला साडेतेरा तास मिळतात. हिंगोली-औंढा-वसमत-वारंगा-कळमनुरी-हिंगोली हा फेरा त्याहून बराच लहान भरतो आणि घड्याळ न लावता एका दिवसात होतो.

हंगाम आणि अडचणी : नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात पारा चाळीशी ओलांडतो. पावसाळ्यात कच्च्या वाटेवरची काळी माती मडगार्डात अशी भरते, की चाक फिरत नाही आणि काडीने उकरत बसावे लागते. बाभळीचे काटे आणि सराटे वर्षभर असतात. दोन ट्यूब, सोल्युशन आणि पंप जवळ ठेवावा. फाट्यावर पंक्चरचे दुकान असते, पण तिथे मोटारसायकलचेच काम जास्त येते. तासावर सायकल भाड्याने देणारी दुकाने एकेकाळी तालुक्याच्या गावी होती. ती आता गेली.

स्थानिक सायकल : पर्यटनाच्या कितीतरी आधीपासून जिल्ह्यात सायकल हे कामाचे वाहन आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात हिंगोलीचा समावेश झाल्यावर शाळेपासून लांब राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळाल्या. सकाळी दहाच्या सुमारास वाडी-तांड्यांवरून त्या रांगेने निघतात, कधी दप्तर कॅरिअरला, कधी मैत्रीण मागे डबलसीट. जिल्ह्यातील सर्वांत नियमित सायकलस्वार त्याच आहेत. समोरून आल्या, तर रस्ता त्यांचा समजून बाहेरच्याने कडेला व्हावे.