सोडियम-३१चं वस्तुमान आणि मोडलेली ‘जादू’

केंद्रकाचं वस्तुमान मोजायचंच कशाला? प्रोटॉन-न्यूट्रॉन मोजा, बेरीज करा, झालं! पण गंमत अशी की ही बेरीज कधीच जुळत नाही. केंद्रक त्याच्या घटकांच्या बेरजेपेक्षा थोडं हलकंच भरतं. ही तूट म्हणजेच त्याला बांधून ठेवणारी ऊर्जा. म्हणजे वस्तुमान अचूक कळलं, की केंद्रक किती घट्ट बांधलेलं आहे ते कळतं.

१९४९ मध्ये मारिया गोपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी स्वतंत्रपणे कवच प्रतिमान मांडलं. २, ८, २०, २८, ५० अशा ‘जादुई’ संख्येने न्यूट्रॉन किंवा प्रोटॉन असले, की केंद्रक खास घट्ट असतं. स्थिर केंद्रकांना हे छान लागू पडलं, १९६३ मध्ये दोघांना नोबेलही मिळालं. मग २० ही संख्या सगळीकडेच जादुई असणार, असं धरून चालणं साहजिक होतं.

याची परीक्षा घ्यायची तर न्यूट्रॉनांनी ठासून भरलेली केंद्रकं हवीत, आणि ती टिकत नाहीत. सोडियम-३१ (११ प्रोटॉन, २० न्यूट्रॉन) याचं अर्धायुष्य जेमतेम १७ मिलिसेकंद! फ्रान्समधल्या ओर्से इथल्या कॅथरीन तिबो, रॉबेर क्लापिश आणि सहकाऱ्यांनी यासाठी वर्णपटमापी थेट सर्नच्या प्रोटॉन झोताला जोडला. झोत युरेनियमवर आदळायचा, तप्त लक्ष्यातून सोडियमचे आयन बाहेर पडायचे. चुंबकीय क्षेत्र तेच ठेवून आयन त्याच वाटेने जायला किती व्होल्टेज लागतं ते पाहायचं. वस्तुमान जास्त तर व्होल्टेज कमी. ज्ञात समस्थानिकाशी तुलना केली की उत्तर मिळतं.

१९७५ मध्ये निकाल छापून आला. सोडियम-३१ आणि ३२ अपेक्षेपेक्षा जास्त घट्ट बांधलेले होते. २० न्यूट्रॉनांवर कवच बंद झाल्याची जी खूण दिसायला हवी होती, ती दिसलीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, यंत्रच चुकलं नसेल कशावरून? संशोधकाने हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याच वर्षी काम्पी आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवलं, की ही केंद्रकं गोल नसून लांबट असतील तर आकडे समजतात. पण खरा आधार दुसऱ्याच पद्धतीतून आला. मॅग्नेशियम-३२ मध्येही २० न्यूट्रॉन असतात. त्याची पहिली उत्तेजित पातळी फक्त ८८५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टवर सापडली. तेवढेच न्यूट्रॉन असलेल्या कॅल्शियम-४० मध्ये २+ पातळी सुमारे ३,९०० वर आहे. एवढी खाली आलेली पातळी म्हणजे केंद्रक गोल नसल्याची खूण. १९९० मध्ये या प्रदेशाला ‘व्युत्क्रमाचं बेट’ हे नाव मिळालं.

यातून एक सवय लावून घ्या. अणुवस्तुमानांचा प्रमाणित तक्ता उघडलात, तर काही आकड्यांना ‘#’ असं चिन्ह दिसेल. ते आकडे निव्वळ प्रयोगातून आलेले नाहीत, शेजारच्या केंद्रकांच्या कलावरून अंदाजलेले आहेत. तुमचा निष्कर्ष अशा आकड्यावर उभा असेल, तर तसं प्रबंधात स्पष्ट लिहा. सोडियम-३१च्या बाबतीत कलावर विसंबलेला अंदाज चुकला असता.