घाट उतरण्यापूर्वी ब्रेक पॅड तपासा
प्रतिनिधी

पावसाळा सुरू झाला की मुंबई, ठाणे आणि नाशिककरांच्या गाड्या दाभोसा धबधब्याच्या ओढीने जव्हारकडे वळतात. ही वाट जितकी रम्य, तितकीच ब्रेकची परीक्षा पाहणारी आहे. नाशिकहून त्र्यंबकमार्गे मोखाड्याला येताना तोरंगण घाट उतरावा लागतो; विक्रमगडमार्गे जव्हारला जाणाऱ्यांना परतीच्या वाटेवर उतार लागतो. जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या गावी सुटीत घराकडे जाणाऱ्या नोकरदारांचीही या डोंगराळ रस्त्यांपासून सुटका नाही. अशा प्रवासापूर्वी टायरमधील हवा आवर्जून पाहिली जाते; ब्रेक पॅड मात्र आवाज येईपर्यंत विस्मृतीतच राहतात.

झीज का होते?

ब्रेकचे पेडल दाबताच ब्रेक ऑइलचा दाब कॅलिपरमधील पिस्टनला पुढे ढकलतो आणि चाकासोबत फिरणारी डिस्क दोन पॅडच्या चिमटीत धरली जाते. या घर्षणातून गाडीचा वेग उष्णतेत रूपांतरित होतो. एक टन वजनाची गाडी केवळ ब्रेकच्या आधारे ३०० मीटर खाली उतरली, तर सुमारे नऊ लिटर पाण्याला उकळी आणील एवढी उष्णता निर्माण होते. पॅड झिजून पातळ झालेला असेल, तर ही धग पिस्टन व ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खोल जाते. पण गाडी थांबत नाही.

तपासणी कशी करावी?

नव्या पॅडवरील घर्षणाचा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो ३ मिलिमीटरपर्यंत आला की पॅड बदलावेत. मागची लोखंडी पट्टी या मापात धरू नये. अलॉय व्हीलच्या फटीतून बॅटरीच्या उजेडात बाहेरचा पॅड दिसतो. परंतु आतला पॅड अनेकदा अधिक झिजतो. म्हणून चाक काढून दोन्ही पॅड पाहणेच योग्य. ब्रेक लावताना येणारी किंचाळी ही बहुधा झीजसूचक पट्टीची सूचना असते. खरखर ऐकू आली, तर लोखंड डिस्कवर घासत असण्याची शक्यता असते. टाकीतील ब्रेक ऑइलची हळूहळू उतरणारी पातळीही पॅडच्या झिजेकडे बोट दाखवते.

घरी बदलताना

बहुतेक छोट्या मोटारींना पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक असतात. पुढील कृती पुढच्या चाकांपुरतीच आहे. मागील ड्रम तसेच इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागील पॅड मेकॅनिककडेच सोपवावेत.

१. गाडी सपाट, टणक जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. मागील चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.
२. चाकाचे नट जमिनीवरच थोडे सैल करावेत. नंतर जॅकने गाडी उचलून भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर काम करू नये.
३. चाक काढून कॅलिपरचा खालचा बोल्ट सोडवावा व कॅलिपर वर उचलून तारेने बांधावा. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. या वेळी पेडल कोणीही दाबू नये. पिस्टन बाहेर येतो.
४. पॅडची भुकटी फुंकू नये. ती श्वसनास घातक असते. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसावी. डिस्कवर खोल चर वा तडे असल्यास, किंवा तिची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापाखाली गेली असल्यास डिस्कही बदलावी.
५. जुना पॅड आड धरून सी-क्लॅम्पने पिस्टन सावकाश मागे सारावा. टाकीतील ऑइल वर येते, त्यावर लक्ष ठेवावे. सांडलेले ऑइल गाडीचा रंग खराब करते.
६. गाडीच्या मॉडेलचेच पॅड बसवावेत. घर्षणाच्या बाजूस ग्रीस वा तेलाचा थेंबही लागता कामा नये. बोल्ट व नट उत्पादकाने दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळावेत. एकाच चाकाचे नव्हे, दोन्ही बाजूंचे पॅड एकत्र बदलावेत. अन्यथा ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

विसरू नये असे काही

काम संपताच, गाडी जागची हलवण्यापूर्वी, पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे. मागे सारलेला पिस्टन अजून पॅडला टेकलेला नसतो, त्यामुळे पहिल्या दाबात ब्रेक लागतच नाही. त्यानंतर ऑइलची पातळी पाहून मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने आठ-दहा वेळा हलके ब्रेक लावावेत. नवे पॅड डिस्कशी जुळेपर्यंत घाटाचा प्रवास टाळावा. पेडल मऊ लागत असेल वा ऑइल गळत असेल, तर गाडी न चालवता मेकॅनिकला बोलवावे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे लवकर उकळते. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी मुदत नसल्यास ते दर दोन वर्षांनी बदलणे हिताचे. उतारावर गाडी दुसऱ्या वा तिसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे इंजिनच वेग आवरते. इंधन वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये गाडी सोडणाऱ्याचा सारा भार मात्र त्या काही मिलिमीटरच्या थरावरच पडतो.