न उडणारे द्रव आणि पीण्याची हवा

बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगत पीण्या औद्योगिक क्षेत्र पसरले आहे. १९७० च्या दशकात उभ्या राहिलेल्या या वसाहतीत सुटे भाग, तयार कपडे, प्लेटिंग आणि रंगकाम करणारे हजारो लहान कारखाने आहेत. रंगकामाच्या शेडजवळून गेलात, तर थिनरचा गोडसर, डोक्यात जाणारा वास येईल. तो टोल्युइन, झायलिन अशा बाष्पशील सेंद्रिय संयुगांचा असतो. राष्ट्रीय वायुगुणवत्ता मानकांत (२००९) एकूण १२ प्रदूषके आहेत. त्यांत बेंझीन आहे, त्याची वार्षिक मर्यादा दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम. टोल्युइन आणि झायलिन मात्र त्या यादीत नाहीत.

ही बाष्पे हवेतून काढायची कशी? पाण्याने धुता येत नाहीत, कारण एक लिटर पाण्यात टोल्युइन जेमतेम अर्धा ग्रॅम विरघळते. तेलात विरघळते, पण बरीच तेले स्वतःच थोडीफार उडतात. म्हणजे सेंद्रिय बाष्प विरघळवणारा, पण स्वतः न उडणारा द्रव हवा. असे द्रव आधीपासूनच होते. ते शोधणाऱ्यांपैकी कोणाच्याही डोक्यात हवा शुद्ध करण्याचा विचार मात्र नव्हता.

१९१४ मध्ये पॉल वाल्डेन यांनी इथिलअमोनियम नायट्रेट या क्षाराचा द्रवणांक सुमारे १२ अंश सेल्सिअस असल्याचे नोंदवले. मीठ वितळायला ८०१ अंश लागतात, हे आठवा. मोठा, बेढब धन आयन ऋण आयनाशी नीट रचून बसत नाही, म्हणून स्फटिक सहज मोडतो. आयनांमधले आकर्षण मात्र कायम राहते, त्यामुळे द्रवाचा बाष्पदाब नगण्य असतो. वाल्डेन यांना रस होता तो विद्युतवहनात. पुढची काही दशके या शोधाकडे फारसे कोणी वळले नाही.

१९५१ मध्ये अमेरिकेत हर्ली आणि वायर यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटिंगसाठी असा द्रव वापरला. पाण्यात ते प्लेटिंग होत नाही, आधी हायड्रोजनच सुटतो. म्हणजे पीण्यातल्या एका मुख्य धंद्याशी या द्रवांचे नाते जुने आहे! पुढे १९८२ मध्ये जॉन विल्क्स आणि सहकाऱ्यांनी बॅटरीसाठी इमिडॅझोलियमचे द्रव बनवले, पण दमट हवा लागली की त्यांतून हायड्रोजन क्लोराइड निघे. हवेत आणि पाण्यात टिकणारे प्रकार विल्क्स आणि झावोरोत्को यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केले. खरी धावपळ सुरू झाली ती इथून. ‘उडत नाही, म्हणून हरित’ अशी ख्याती पसरली आणि हवेतील बाष्पे शोषण्याचे प्रयोगही सुरू झाले.

पद्धत समजायला सोपी आहे. मनोऱ्यात दूषित हवा खालून वर जाते, द्रव वरून खाली येतो. टोल्युइन त्यात विरघळते. मग द्रव तापवून किंवा दाब कमी करून टोल्युइन परत मिळवायचे आणि तोच द्रव पुन्हा फिरवायचा. अडचण चिकटपणाची. हे द्रव पाण्याच्या दसपट ते काही शेपट दाट असतात, त्यामुळे बाष्प आत शिरायला वेळ लागतो आणि पंपाची वीज वाढते. शिवाय ते महाग. लहान कारखानदाराला सक्रिय कोळशाचे पिंप परवडते.

त्यापेक्षा गंभीर गोष्ट पुढे कळली. २००३ मध्ये दाखवले गेले की हेक्झाफ्लोरोफॉस्फेट असलेल्या एका बहुचर्चित आयनिक द्रवाचे पाण्याने विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइड बनू शकते. काही द्रव कमी दाबाखाली तापवून ऊर्ध्वपातितही करता येतात, हे २००६ मध्ये दिसले. ‘अजिबात न उडणारे’ हा शब्दप्रयोगही सैलच. धन आयनाची कार्बनसाखळी लांब झाली, की पाण्यातील जीवांवरील विषारीपणा सहसा वाढतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधील एका कचराभूमीजवळच्या मातीत ऑक्टिल-मिथिल-इमिडॅझोलियम सापडले आणि यकृताच्या एका आजाराशी त्याचा संबंध असू शकतो, अशी शंका संशोधकांनी मांडली.

जो उडत नाही, तो सांडला तर जातो कुठे? जमिनीत आणि पाण्यात. पीण्याला हा प्रश्न पुस्तकी नाही. इथल्या भूजलात षट्संयुजी क्रोमियम आढळले आहे, आणि त्याचा संबंध प्लेटिंगच्या सांडपाण्याशी जोडला जातो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची भारतीय मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. हवेतला वास नाकाला कळतो, बोअरवेलमधला क्रोमियम चाचणीशिवाय नेहमी कळेलच असे नाही.

म्हणून हल्ली मोकळा द्रव मनोऱ्यात फिरवण्याऐवजी तो सच्छिद्र सिलिकात जिरवण्याकडे कल आहे. द्रव कमी लागतो, पातळ थरामुळे चिकटपणा आड येत नाही आणि गळतीही घटते. मलेशियात पेट्रोनासने बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठासोबत याच मार्गाने नैसर्गिक वायूतला पारा काढण्याची यंत्रणा औद्योगिक पातळीवर नेली. पण वायुप्रकल्पात भरण एकाच जागी असते आणि त्याचा हिशेब ठेवता येतो. पीण्यात तेच भरण शेकडो लहान शेडमध्ये विखुरलेले असेल. संपल्यावर ते गोळा कोणी करायचे, हे आधी ठरवावे लागेल.